ट्रॅव्हल ट्रेलरच्या आतल्या भिंतीत झडप बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती अमेरिका-कॅनडात मिळणाऱ्या, गाडीमागे ओढायच्या, आत राहता येणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरची आहे. त्यामुळे मापं इंचांत दिली आहेत. पातळ पॅनेलमध्ये जे भोक पाडायचं त्याला पुढे 'तोंड' म्हटलं आहे आणि त्यावर जे झाकण बसतं त्याला 'झडप'.

कंपनीने झडप ठेवलेली नाही, मग आपण भिंत कशाला कापायची?

कारखान्यात आधी जमिनीवर पाण्याची टाकी, पंप, वॉटर हीटर आणि पाइप बसतात. बाकं, पलंगाची पेटी, कपाटं नंतर त्यांच्यावर चढतात. जोडणाऱ्याला तेव्हा सगळं उघडं दिसत असतं, दुरुस्ती करणाऱ्याला मात्र फक्त पॅनेल दिसतं. पंपाच्या गाळणीत कचरा अडकला, हीटरच्या मागचा बायपास व्हॉल्व्ह (हीटरला वळसा घालून पाणी पुढे नेणारा) फिरवायचा झाला, शॉवरच्या नळाची चकती सैल झाली, की हात जायला जागा नसते. स्टेपल मारलेलं अख्खं पॅनेल उपसून काढलं तर ते बहुतेक वेळा फाटतं. नेमक्या जागी नीट चौकटीचं तोंड पाडणं हा त्यापेक्षा कमी नुकसानीचा मार्ग आहे, आणि तो एकदाच करावा लागतो.

आतली भिंत नेमकी कशाची असते?

बहुतेक ट्रेलरमध्ये ती लुआन या हलक्या लाकडाच्या प्लायची असते. जाडी साधारण १/८ इंच, म्हणजे आपल्याकडच्या तीन मिलीमीटर प्लायएवढी. त्यावर छापील कागद किंवा व्हिनाइलचा पापुद्रा असतो. मागची रचना दोन प्रकारची. एका प्रकारात दीड इंची लाकडी दांड्यांचा सांगाडा, मधे ग्लासवूल आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. दुसऱ्या प्रकारात आतला प्लाय, पांढरा थर्माकोलसारखा फोम, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या आणि बाहेरचं फायबरग्लास हे सगळं दाबून एकजीव चिकटवलेलं असतं. त्याला लॅमिनेटेड भिंत म्हणतात.

बाकाची आणि पलंगाच्या पेटीची दर्शनी बाजू मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच : पाऊण इंची लाकडी पट्ट्यांवर पातळ प्लाय स्टेपलने ठोकलेला. सुदैवाने तोंड पाडायची गरज बहुतेक वेळा इथेच पडते.

कुठे अजिबात कापू नये?

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या मागच्या पोकळीत. या फ्रिजची ज्योत त्या पोकळीत जळते आणि धूर बाहेरच्या जाळीतून जातो. ती पोकळी आणि राहण्याची जागा यांत एक फटही चालत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आरव्हींसाठीच्या, म्हणजे राहण्याच्या गाड्या-ट्रेलरसाठीच्या, एनएफपीए ११९२ या अमेरिकन मानकात ज्वलनाची हवा राहण्याच्या जागेपासून वेगळी ठेवण्याची अट आहे ती याचसाठी. फ्रिजचं काम बाहेरच्या जाळीतून करा.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या कप्प्यात घरातून तोंड पाडू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि तो बाहेरच जायला हवा. भट्टीच्या म्हणजे फर्नेसच्या कप्प्यात नवं तोंड पाडायचं असेल तर आधी माहितीपुस्तिका वाचा. परतीची हवा किती चौरस इंचांच्या जाळीतून यावी आणि कोणत्या बाजूला किती इंच मोकळी जागा हवी, हे ठरलेलं असतं. तिथे घन झडप लावून जाळी झाकली तर भट्टी तापून वारंवार बंद पडते.

लॅमिनेटेड बाह्य भिंतही शक्यतो टाळा. त्या भिंतीत आतला प्लाय शोभेचा नसतो, तो भार घेतो. मोठा तुकडा काढला की कडेपासून थर सुटायला सुरुवात होऊ शकते, आणि कापलेली कड ओली झाली तर ते पसरत जातं. तुमच्याकडे दुसरा रस्ता असेल, म्हणजे शेजारच्या कपाटाची आतली बाजू किंवा बाकाचा पृष्ठभाग, तर तो घ्या. स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकून खोली रुंद करणारा भाग, जिथे आतबाहेर सरकतो त्या भागातल्या पॅनेललाही हात लावू नका. मागे हलत्या वायरींचे फास असतात.

मागे काय आहे हे कापण्याआधी कसं ओळखायचं?

तीन गोष्टी एकत्र वापरा. पहिलं, लोहचुंबक. तो पॅनेलवरून फिरवला की स्टेपलच्या रांगा सापडतात, आणि जिथे रांग तिथे मागे पट्टी. पॅनेल ४ फूट रुंदीची असतात, म्हणून दोन पॅनेलच्या सांध्यावरच्या व्हिनाइल पट्टीमागे जवळजवळ नेहमी दांडी असते. बाकी दांड्यांचं अंतर घरासारखं १६ इंचांवर असेलच असं धरून चालू नका.

दुसरं, बाहेरची बाजू. पाण्याचं इनलेट, हीटरचं दार, भट्टीचा धुराडा, विजेचा सॉकेट यांची अंतरं एखाद्या खिडकीच्या कडेपासून मोजा आणि तीच आत उतरवा.

तिसरं, आणि हे टाळू नका : जो तुकडा काढायचा आहे त्याच्या मध्यावर ३/८ इंचाचं एक भोक. ड्रिलच्या पात्यावर टोकापासून ३/१६ इंचावर टेप गुंडाळा, हलका दाब द्या आणि प्लाय सुटताच थांबा. त्यातून फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा घालून चारही बाजू बघा. वायर, पेक्स (प्लास्टिकचा पाण्याचा) पाइप, तांब्याची गॅस नळी, हीटरची पाठ असं जे दिसेल ते टेपवर पेन्सिलीने लिहून ठेवा. कॅमेऱ्यात जे दिसतं त्याच्या अंतराचा अंदाज सहज चुकतो, म्हणून एक वाकडी तार आत घालून खोलीही मोजा.

भोकातून काळा डाग, ओल किंवा कुजका वास आला तर काम थांबवा. ती गळती आहे. आधी ती शोधावी लागेल.

वीज, गॅस आणि पाणी : काय काय बंद करायचं?

सगळं, आणि त्याच दिवशी स्वतः तपासून. बाहेरचा विजेचा प्लग काढा, इन्व्हर्टर आणि जनरेटर बंद करा. छतावर सोलर असेल तर आधी सोलर पॅनेलची वायर चार्ज कंट्रोलरपासून तोडा आणि मगच बॅटरीची ऋण वायर काढून टोकाला टेप लावा. भिंतीवरच्या 'बॅटरी डिस्कनेक्ट' बटणावर विसंबू नका. अनेक ट्रेलरमध्ये काही सर्किटं त्या बटणाला वळसा घालून थेट बॅटरीवर असतात. गॅसच्या टाक्या टाकीवरच्याच व्हॉल्व्हने बंद करा. पंप बंद करा, बाहेरचा होज काढा आणि नळ उघडून दाब उतरवा.

न शिवता व्होल्टेज दाखवणारा पेनसारखा टेस्टर फक्त एसी पकडतो. १२ व्होल्टच्या डीसी वायरीवर तो गप्प राहतो, आणि बॅटरी जोडलेली असताना त्या वायरीवर पातं घासलं की ठिणगी पडते. रंगांवरही भरवसा नको. १२० व्होल्टच्या केबलमध्ये काळी वायर गरम आणि पांढरी न्यूट्रल असते, तर ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्ये काळी बऱ्याचदा धन आणि पांढरी ऋण असते. एकाच पोकळीत दोन्ही शेजारी सापडतात.

बॅटरी काढलेली असताना ट्रेलर ओढू नका. गाडीपासून सुटल्यावर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच त्याच बॅटरीवर चालतो.

तोंड किती मोठं असावं?

जो भाग बदलायचा तो बाहेर निघेल एवढं, अधिक दोन्ही बाजूंना पान्याला जागा. लोक हमखास लहान कापतात. एका हाताने व्हॉल्व्ह फिरवायला ६ × ८ इंच पुरतं. दोन हात आणि वर डोळ्यांना वाट हवी असेल तर १० × १२ च्या खाली जाऊ नका.

नेहमीचा १२ व्होल्टचा पाण्याचा पंप साधारण ८ इंच लांब, ५ इंच रुंद आणि साडेचार इंच उंच असतो. त्याची गाळणी तोंडाच्या बाजूला येईल असं तोंड ठेवा आणि गाळणीची वाटी फिरवून काढायला ३ इंच मोकळे सोडा. ६ गॅलनच्या हीटरच्या मागे १२ × १४ बरं पडतं, कारण तिथे बायपासचे व्हॉल्व्ह, गरम पाण्याच्या बाजूचा चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारा) आणि काही मॉडेलांत विजेचं एलिमेंटही असतं. शॉवरच्या नळामागे १० × ८ आडवं तोंड पुरेसं होतं.

एक हिशोब आधीच करा. झडप भिंतीच्या पातळीत बसणार असेल तर तिला टेकायला चारही बाजूंनी अर्ध्या इंचाची पट्टी आत डोकावते. म्हणजे १० × १२ कापलं तरी हाताला मिळतात ९ × ११. झडप भिंतीवर चढून बसणार असेल तर पूर्ण १० × १२ मिळतात. दुरुस्तीसाठी चढती झडप सोयीची. दिसायला पातळीतली छान, पण ती बसवायला कसब लागतं.

बाकाच्या दर्शनी पॅनेलमध्ये वरच्या कडेपासून किमान ३ इंच आणि कोपऱ्यांपासून २ इंच सोडा. माणूस काठावर बसला की भार त्याच पट्टीवर येतो. उभी दांडी मधे आलीच तर ती तोडू नका. तिच्या दोन्ही बाजूंना दोन लहान तोंडं पाडा.

कोणतं हत्यार घ्यावं?

ऑसिलेटिंग मल्टिटूल, बारीक दातांच्या पात्यासह. पातं थरथरतं, फिरत नाही, त्यामुळे खोली हातात राहते आणि व्हिनाइल उचकटत नाही. पात्यावर टोकापासून पाव इंचावर रंगीत टेप लावा आणि ती रेषा कधीच आत जाऊ देऊ नका.

जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या पात्याची करवत) फक्त तिथेच, जिथे मागे ४ इंच मोकळे आहेत हे कॅमेऱ्याने पाहिलं आहे. बाहेरच्या भिंतीवर जिगसॉ वापरायचा नाही म्हणजे नाही. भिंतीची पोकळी दीड इंच, पातं त्याहून लांब, आणि ते सरळ बाहेरचा पत्रा फोडून निघतं. वापरायचाच असेल तर इंचाला २० दातांचं पातं, किंवा खाली कापणारे उलटे दात. उलट्या दातांचं पातं यंत्राला वर ढकलतं, म्हणून वरून पक्का दाब ठेवा.

गोल तोंडासाठी होल सॉ, म्हणजे वाटीसारखी गोल करवत. व्हिनाइलवर आधी तो उलटा फिरवून पापुद्रा चिरून घ्या, मग सुलटा.

कापायचा क्रम काय?

रुंद मास्किंग टेप लावा, त्यावर गुण्या धरून रेषा आखा. ट्रेलरच्या कडा काटकोनात असतीलच असं नाही, म्हणून जवळच्या दिसणाऱ्या कडेला समांतर ठेवा. स्पिरिट लेव्हलने आखलेली रेषा डोळ्याला तिरकी दिसते.

मग कोपरे. चारही कोपऱ्यांत एक इंची होल सॉने भोकं पाडा, म्हणजे कोपऱ्याला अर्ध्या इंचाची गोलाई येते. ही पायरी सोडू नका. टोकदार कोपऱ्यात पातं थोडं पुढे जातंच, आणि ती बारीक चीर रस्त्याच्या हादऱ्यांनी लांबत जाते. गोल कोपऱ्यात ताण एका बिंदूवर साठत नाही. कापलेला तुकडाच झडप म्हणून परत वापरायचा असेल तर मात्र कोपऱ्यात भोक न पाडता मल्टिटूल दोन्ही बाजूंनी कोपऱ्याच्या किंचित अलीकडे थांबवा आणि उरलेला भाग कटरने काढा.

रेषेवर धारदार कटरचे तीन-चार हात फिरवून व्हिनाइल आणि प्लायचा वरचा थर चिरून घ्या. त्यानंतर मल्टिटूल, रेषेच्या आतल्या, टाकाऊ बाजूने. आधी खालची आडवी बाजू, मग उभ्या, शेवटी वरची. वरची कापण्याआधी तुकड्याला टेपचं हँडल लावा, नाहीतर सुटताना तो पाइपवर पडतो किंवा पॅनेलची ढलपी घेऊन जातो. कड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दर्शनी बाजूकडून आत अशा एकाच दिशेने घासा.

स्क्रू थेट प्लायमध्ये का धरत नाहीत?

१/८ इंच जाडीत स्क्रूचे एक-दोनच आटे बसतात. दोनदा उघडझाप केली की भोक मोठं होतं आणि तिसऱ्या प्रवासात झडप खाली येते. म्हणून मागे चौकट हवीच. सगळ्या कामाचा जीव या चौकटीत आहे. तोंड थोडं वाकडं गेलं तर झाकता येतं, चौकट नसली तर काहीच टिकत नाही.

पाऊण इंच जाड आणि दीड इंच रुंद पाइनच्या चार पट्ट्या घ्या. उभ्या दोन पट्ट्या तोंडाच्या उंचीपेक्षा ३ इंच लांब, म्हणजे वर-खाली दीड-दीड इंच पलीकडे जातील. आडव्या दोन त्यांच्यामध्ये बसतील अशा. जोडून तयार केलेली चौकट तोंडातून आत जात नाही, म्हणून एकेक पट्टी तिरकी घालावी लागते. धरायला पट्टीत तात्पुरता एक लांब स्क्रू पिळा, तीच मूठ. पट्टीला लाकडाचा पाण्याला टिकणारा गोंद लावा, पॅनेलच्या पाठीवर दाबा, दर ३ इंचांवर स्प्रिंग क्लॅम्प लावा आणि अर्धा तास सोडा. समोरून ६ नंबरचे पाऊण इंची स्क्रू मारले तर आणखी पक्कं होतं. ३/३२ इंचाचं पायलट भोक आधी पाडा, नाहीतर पट्टी टोकाला चिरते.

गोंद पूर्ण वाळायला २४ तास द्या. झडप बसवायची घाई इथे नडते.

फोम असलेल्या भिंतीत तीव्र सॉल्व्हंट असलेला चिकटवणारा पदार्थ वापरू नका, फोम विरघळतो. फोमसाठी चालतो असं ट्यूबवर छापलेलं असेल तोच घ्या.

झडपेसाठी कापलेला तुकडाच वापरावा का?

भिंतीवरचं छापील डिझाइन तंतोतंत जुळायला हवं असेल तर हो. कापण्यापूर्वी तुकड्यावर वरची बाजू बाणाने दाखवा. पात्याच्या जाडीमुळे सभोवती साधारण १/१६ इंचाची फट राहते, ती पाऊण इंची सपाट पट्टी किंवा व्हिनाइल बीडिंगने झाकली जाते. तुकड्याच्या पाठीला त्याच जाडीचा दुसरा प्लाय चिकटवा, पण सर्व बाजूंनी ५/८ इंच लहान, म्हणजे तो चौकटीच्या आत उतरेल आणि पातळ तुकडा लचकणार नाही. मधलं पाहणीचं भोक पाऊण इंचाचं करून कड गुळगुळीत केली की बोट घालायला उपयोगी पडतं.

चढत्या झडपेला पाव इंची बर्च प्लाय चांगला. १० × १२ च्या तोंडावर १२ × १४ ची झडप म्हणजे चारही बाजूंना एक इंच. पॉलिश किंवा रंग दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. एकच बाजू रंगवली तर दुसरी दमट हवा शोषते आणि झडप ताटलीसारखी वाकते.

ती बंद कशाने ठेवायची?

वर्षातून दोनदा उघडायची असेल तर स्क्रू. चढत्या झडपेला ६ नंबरचे एक इंची : पाव इंच झडप, १/८ भिंत आणि उरलेले ५/८ इंच पट्टीत. पातळीतल्या झडपेला पाऊण इंची पुरतात. अंतर सुमारे ६ इंच. डोक्याखाली वाटीसारखा वॉशर घाला, म्हणजे स्क्रू प्लायमध्ये रुतत नाही.

थंड राज्यांत दर हिवाळ्याआधी पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरताना बायपास व्हॉल्व्ह फिरवावा लागतो. तिथे बिजागरी आणि फिरकी किंवा दाबून उघडणारी कडी लावा. नुसते चुंबक घरात चालतात, रस्त्यावर नाही. हादऱ्यांनी झडप हळूहळू सरकते आणि पडते. चुंबकासोबत एक फिरकी हवीच. खडखड थांबवायला टेकणाऱ्या पट्टीवर १/८ इंच जाडीची फोम टेप लावा.

तयार प्लास्टिकची झडप घेतली तर?

घ्या, चांगली असते. फक्त वस्तू हातात आल्याशिवाय कापू नका. पाकिटावरचं माप कधी बाहेरच्या कडेचं असतं, कधी तोंडाचं. चौकटीची मान मागे किती खोल जाते तेही बघा. दीड इंच पोकळीत दोन इंचांची मान बसत नाही. खटक्याने बसणारे प्रकार बऱ्याचदा अर्धा इंच जाडीच्या ड्रायवॉलसाठी बनवलेले असतात. १/८ इंच प्लायवर ते सैल राहतात, तेव्हा मागे पट्टी लावून जाडी वाढवा.

बाथरूममध्ये वेगळं काय?

कापलेल्या प्लायची कड पाणी पिते. ती कड आणि नवी चौकट पातळ इपॉक्सीने किंवा वॉर्निशच्या दोन-तीन हातांनी बंद करा. शॉवरच्या आतल्या प्लास्टिकच्या भिंतीला कधीच छेद देऊ नका, पलीकडून, कपाटाच्या बाजूने जा. बोटींवर वापरतात ती आट्याची गोल डेक प्लेट रबरी रिंगसह मिळते. दमट जागी चौकोनी झडपेपेक्षा ती उजवी.

जुना, बर्च प्लायचा किंवा अ‍ॅल्युमिनियम भिंतीचा ट्रेलर असेल तर?

१९६०-७० च्या सुमाराच्या अनेक ट्रेलरमध्ये शेलॅक (लाखेचं पॉलिश) दिलेला मधाळ रंगाचा बर्च प्लाय असतो. लाकडाच्या रेषांना आडवं कापताना त्याची ढलपी हटकून निघते, तेव्हा कटरने दुप्पट खोल चिरून घ्या. नव्या लाकडाला अंबर शेलॅकचे पातळ हात एकेक करत जुन्या रंगापर्यंत न्या. एका जाड हाताने तो रंग येत नाही. १९७८ पूर्वीचा रंग असेल तर शिशाची चाचणी केल्याशिवाय घासू नका.

एअरस्ट्रीमसारख्या आतून अ‍ॅल्युमिनियम असलेल्या ट्रेलरमध्ये कापण्याऐवजी जवळचं पॅनेल सोडवता येतं का ते आधी पाहा. १/८ इंची पॉप रिव्हेट ३० नंबरच्या ड्रिलने निघतात. कापलंच तर कानसने कड मोडा आणि वायर जाणाऱ्या जागी रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी रिंग) घाला, कारण उघडी कड वायरीचं आवरण महिन्याभरात खाऊ शकते.

धुळीचं काय करायचं?

एन-९५ मास्क, चष्मा, पात्याशेजारी व्हॅक्यूमचं तोंड. मास्क धूळ अडवतो, प्लायच्या गोंदातून येणारा फॉर्मल्डिहाइड वायू अडवत नाही, म्हणून खिडक्या आणि छताचा पंखा उघडे ठेवा. ग्लासवूल असेल तर लांब बाह्यांचा शर्ट. कापल्यावर पंपाभोवती आणि हीटरच्या मागे पडलेला भुसा पूर्ण उचला.

रेषेपलीकडे कापलं गेलं, किंवा व्हिनाइल सोलवटलं. आता?

सोललेला पापुद्रा लगेच लाकडाच्या गोंदाने बसवून मेणकागद आणि फळीखाली दाबून ठेवा. धूळ चढल्यावर तो धरत नाही. चीर गेली असेल तर तिच्या टोकाला १/१६ इंचाचं भोक पाडा, तिथे ती थांबते. मग मागून गोंद लावून प्लायचा तुकडा चिकटवा. तोंडच वाकडं झालं असेल तर दीड-दोन इंची पट्ट्यांची फोटोच्या चौकटीसारखी चौकट लावून त्यावर झडप बसवा.

कापताना १२० व्होल्टची केबल कापली गेली तर मात्र टेप लावून भिंतीत ढकलू नका. तो सांधा मान्यताप्राप्त डब्यात आणि हात पोचेल अशा जागीच असला पाहिजे. जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर ब्रेकर बंद ठेवा.

काम झाल्यावर काय तपासायचं?

पाण्याचा दाब चालू करून अर्धा तास झडप उघडीच ठेवा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवा. बॅटरी आणि सोलर उलट क्रमाने जोडा : आधी बॅटरी, मग पॅनेल. गॅस उघडल्यावर कुठल्याही नळीजवळ काम केलं असेल तर साबणाच्या पाण्याने सांधे बघा. झडपेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा : मागे काय आहे, कोणता फ्यूज, बायपास व्हॉल्व्ह कोणत्या दिशेला उघडतो. पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने एकदा तपासा. नव्या पाइनमध्ये ते थोडे सैल होतात, पाव फेरा पुरतो.